फुप्फुसाला आधार, हृदयाला भार

२०२०-२१ च्या महासाथीत महाराष्ट्रातील कितीतरी घरांत बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर आले आणि त्यावर उमटणारा आकडा जणू प्राणाचाच आकडा होऊन बसला. रुग्णालयाच्या दाराशी तिष्ठणारा आप्त एवढेच विचारी, ‘आकडा किती आहे?’ प्रश्न रास्त होता. परंतु व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या बाबतीत हा आकडा निम्मेच सत्य सांगतो. रक्तात प्राणवायू किती मिसळला, हे त्यावरून कळते. ते रक्त मेंदूपर्यंत आणि मूत्रपिंडांपर्यंत पुरेसे पोहोचते की नाही, हे कळत नाही. गोदाम भरलेले असावे आणि गाड्याच सुटू नयेत, असाही प्रकार घडू शकतो.

निसर्गाने श्वसन आणि रक्ताभिसरण यांची सांगड मोठ्या कौशल्याने घातली आहे. मनुष्य श्वास आत घेतो तेव्हा छातीच्या पोकळीतील दाब उतरतो आणि हवेबरोबरच शिरांतील रक्तही हृदयाकडे ओढले जाते. व्हेंटिलेटरचे काम नेमके उलट. तो हवा आत ढकलतो. छातीतील दाब चढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते. आणि जे हृदयात आलेच नाही ते हृदयाने पुढे तरी कसे धाडावे? आंद्रे कूर्नां व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ सालीच हा परिणाम मोजून प्रसिद्ध केला होता.

तरीही दाबावाचून गत्यंतर नसते. न्यूमोनियाने, जंतुदोषाने वा मोठ्या अपघाताने फुप्फुसांना तीव्र इजा झाली की वायुकोशांत द्रव साचतो आणि ते मिटू लागतात. डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९६७ साली अशा १२ रुग्णांचे वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये केले. श्वास सोडून झाल्यावरही थोडा दाब कायम ठेवला तर वायुकोश उघडे राहतात, हे त्यांना काही रुग्णांत आढळले. या दाबाला वैद्यकात ‘पीप’ म्हणतात. मिटलेल्या भागातील रक्तवाहिन्याही आवळलेल्या असतात. त्यामुळे बेताच्या दाबाने उजव्या हृदयाचे ओझे कधी हलकेही होते. दाब मर्यादेपलीकडे गेला की मात्र निरोगी वायुकोश अवाजवी ताणले जातात, त्यांच्या भोवतीच्या केशवाहिन्या चेपतात आणि उजव्या हृदयाला रक्त पुढे लोटणे जड जाते. ते फुगते, मधला पडदा डावीकडे सरकतो आणि डाव्या बाजूची जागाही आक्रसते.

मग दाब किती ठेवावा? सूटर, फेअर्ली आणि आयझनबर्ग यांनी १९७५ साली १५ रुग्णांत प्रत्येकाचा सर्वोत्तम दाब शोधला. तो कोणाचा शून्य, तर कोणाचा १५ सेंटिमीटर पाण्याइतका निघाला. त्यापुढे दाब वाढविल्यास शरीराला होणारा प्राणवायूचा पुरवठा घटू लागे. एवढे ठाऊक असूनही ‘उघडेल तेवढे फुप्फुस उघडावे’ हा मोह सुटला नाही. अखेर २०१७ साली नऊ देशांतील १,०१० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. अतिदाबाने फुप्फुस उघडून वरचा पीप ठेवलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यू ५५.३ टक्के, तर बेताच्या पीपवरील गटात ४९.३ टक्के होते.

रक्तदाब पडला की सलाईन वाढवावे, हा सोपा उपाय वाटतो. तात्पुरता तो लागूही पडतो. पण आधीच पाझरणाऱ्या फुप्फुसांत तेच पाणी उतरते. म्हणून पीप दोन सेंटिमीटरने वाढविल्यावर केवळ ऑक्सिमीटरकडे पाहून भागत नाही. रक्तदाब, तासागणिक लघवी, हातापायांचा गारवा, जमल्यास सोनोग्राफीवर हृदयाची उजवी बाजू, हे सारे कोणीतरी रात्रभर पाहावे लागते. महासाथीत व्हेंटिलेटर किती आले याची गणती हिरिरीने झाली. एका परिचारिकेकडे असे रुग्ण किती, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.