मानेवर पेललेली चौदा वर्षे

रग्बीचा सामना पाहताना आपली नजर चेंडू काखोटीला मारून पळणाऱ्या गड्यामागे धावते. पण या खेळात एक जागा अशी आहे, की तिथला गडी चांगला खेळला तर कुणाला दिसत नाही आणि घसरला तर साऱ्या मैदानाला दिसतो. त्या जागेचे नाव ‘प्रॉप’. प्रॉप म्हणजे टेकू. घर खचू लागले की तुळईखाली लावतात तो.

दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी माना खाली घालून, खांद्याला खांदे भिडवून एकमेकांना रेटतात, त्याला ‘स्क्रम’ म्हणतात. पुढच्या रांगेत तिघे. मधला चेंडू पायाने मागे ओढणार. त्याला दोन्ही अंगांनी सावरणारे ते प्रॉप. डावीकडच्याच्या डोक्याची एक बाजू मोकळी तरी असते. उजवीकडच्याचे डोके मात्र समोरच्या दोघांच्या मधोमध अडकलेले. मागून आपल्यांचा रेटा, पुढून परक्यांचा! बहुतेक प्रॉप या दोहोंपैकी एकाच बाजूचे असतात. इंग्लंडचा जेसन लेनर्ड दोन्ही बाजूंनी खेळे, आणि हीच गोष्ट पुढे कामी आली.

हा गडी धंद्याने सुतार. जन्म १९६८ चा, लंडनच्या पूर्वेकडील बार्किंगचा. जुलै १९९० मध्ये ब्यूनॉस आयरिस येथे अर्जेंटिनाविरुद्ध तो इंग्लंडकडून प्रथम उतरला, तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. प्रॉप तिशीच्या आसपास पिकतो म्हणतात; त्या हिशेबाने हे पोरच! शिवाय रग्बी युनियन तेव्हा हौशी खेळ होता. देशासाठी खेळावे, पण मोबदला घेऊ नये, असा दंडक. तो ऑगस्ट १९९५ मध्ये उठला. तोवर जोखीम सारी पदरची.

आणि ती जोखीम पोकळ नव्हती. १९९२ साली वेल्सविरुद्ध खेळताना लेनर्डच्या मानेतील मणक्यांमधली चकती फाटली. शस्त्रक्रिया झाली, त्याच्या कमरेचे हाड काढून मानेत बसवावे लागले. एखाद्याने यानंतर रंधा हाती धरला असता आणि घरच्यांनी देव पाण्यातून बाहेर काढले असते. हा गडी बरा होऊन त्याच जागी परत गेला आणि आणखी अकरा वर्षे देशाकडून खेळला.

त्याच्या काळात इंग्लंडने स्कॉटलंडकडून अनेकदा कलकत्ता कप जिंकला. जाता जाता सांगायचे, तर हा चषक कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबने मोडताना आपल्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडला दिला. परक्यांची झुंज आणि रुपये इथले!

१९९१ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला १२-६ असे हरवले, तेव्हा लेनर्ड मैदानात होता. बारा वर्षांनी, २२ नोव्हेंबर २००३ रोजी, सिडनीत पुन्हा तीच गाठ. तो आता पस्तिशीचा, राखीव गडी. पंच आंद्रे वॉटसन स्क्रममध्ये इंग्लंडविरुद्ध वारंवार दंड देत होते. अशाच एका दंडावर अखेरच्या क्षणी ऑस्ट्रेलियाने १४-१४ अशी बरोबरी साधली. जादा वेळात फिल व्हिकरीच्या जागी उजवीकडे लेनर्डला धाडले. पुढे स्क्रममध्ये इंग्लंडला एकही दंड बसला नाही. त्याने पराक्रम काय केला, तर भांडण होऊ दिले नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात जॉनी विल्किन्सनने आपल्या कच्च्या, उजव्या पायाने चेंडू खांबांमधून धाडला आणि इंग्लंड २०-१७ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी घरोघरी नाव झाले ते विल्किन्सनचे.

फेब्रुवारी २००४ मध्ये रोमला इटलीविरुद्ध लेनर्ड अखेरचा खेळला. इंग्लंडसाठी त्याचे ११४ सामने भरले. ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त ‘लायन्स’ संघाकडून आणखी पाच कसोट्या. एवढ्या साऱ्या सामन्यांत चेंडू रेषेपलीकडे टेकवून स्वतःच्या नावावर गुण लावण्याचा योग त्याला एकदाच आला, १९९६ साली, अर्जेंटिनाविरुद्ध. त्या दिवशी तो कर्णधारही होता.