कंपवाताचे मूळ पोटात?

हुलसूर हा बिदर जिल्ह्यातला, महाराष्ट्राच्या सीमेलगतचा तालुका. काळी जमीन, तुरीची व सोयाबीनची पिके आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषा सहज बोलणारी माणसे. तूर फुलोऱ्यात आली की शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी पाठीवर पंप घेऊन फवारणी सुरू होते. तोंडाला बांधायला बहुधा उपरणेच असते. अशी तीस-चाळीस वर्षे काढलेल्या शेतकऱ्याचा हात सत्तरीत थरथरू लागला की ‘वय झाले’ म्हणून घरचे गप्प बसतात. त्याला पन्नाशीपासून जडलेला मलावरोध मात्र वैद्याला सांगावा असे कोणाला वाटत नाही. या दोन तक्रारींचा संबंध असू शकतो, असे संशोधन गेली दोन दशके सांगत आहे.

पार्किन्सन, म्हणजेच कंपवात, हा मेंदूचा विकार मानला जातो. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजतात, त्यामुळे कंप, ताठरता आणि हालचालींतील मंदपणा येतो. ही लक्षणे दिसेपर्यंत त्या पेशींचा मोठा भाग नष्ट झालेला असतो. 1817 मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांच्या आधारे या रोगाचे वर्णन केले, त्यातही आतड्यांच्या मंदावलेपणाचा उल्लेख होता. पुढे दीर्घकाळ तो दुय्यम ठरला.

2003 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी वेगळी शक्यता मांडली. या रोगात अल्फा-सायन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. त्या आधी आतड्याच्या चेतातंतूंत किंवा नाकाजवळ तयार होऊन व्हेगस या चेतेवाटे मेंदूकडे सरकत असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे डेन्मार्क आणि स्वीडनमधील नोंदींचा अभ्यास झाला. जठरव्रणावरील जुन्या शस्त्रक्रियेत ज्यांची ही चेता मुळातूनच कापली गेली होती, त्यांच्यात बऱ्याच वर्षांनंतर पार्किन्सनचे प्रमाण काहीसे कमी आढळले. सर्वच रुग्णांत रोग पोटातूनच सुरू होतो, असे यावरून म्हणता येत नाही. काहींत तो मेंदूतच सुरू होत असावा, हे मतही तितकेच बळकट आहे.

मग आतड्यात बिघाड सुरू होतो कशाने? येथे फवारणीचा पंप पुन्हा समोर येतो. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळयुक्त मादक द्रव्य टोचून घेतलेल्या काही तरुणांना अल्पावधीत पार्किन्सनसारखी अवस्था आली. दोषी ठरलेल्या एमपीटीपी या रसायनापासून शरीरात जो पदार्थ बनतो, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. 2011 मध्ये अमेरिकेत कीटकनाशके हाताळणाऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरणाऱ्यांत पार्किन्सनचा धोका सुमारे अडीच पट आढळला. रोटेनोन हे वनस्पतींच्या मुळांतून मिळते. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हा समज येथे टिकत नाही. अन्न, पाणी किंवा हाताला लागलेले औषध तोंडावाटे पोटात गेले तर त्याची पहिली गाठ आतड्याच्या अस्तराशी आणि तेथील जिवाणूंशी पडते.

युरोपीय संघात पॅराक्वाटची परवानगी 2007 मध्ये रद्द झाली, केरळने 2011 मध्ये त्यावर बंदी घातली. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले, तेव्हा देश हादरला. ते विष काही तासांत किंवा दिवसांत दिसले. दशकांनी उमटणाऱ्या परिणामाची मात्र कोणत्याच पंचनाम्यात नोंद होत नाही. बेंगळुरू परिसरात एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या पाहणीत पार्किन्सनचे प्रमाण शहरापेक्षा खेड्यांत अधिक आढळले होते. त्याचे कारण औषधफवारणीच, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, परंतु प्रश्न नक्कीच निर्माण होतो.

मलावरोध असलेल्या प्रत्येकाने धास्ती घेऊ नये. त्याची साधी कारणेच अधिक असतात. मात्र त्याच्या जोडीला वास येईनासा झाला, झोपेत हातपाय झाडणे सुरू झाले, चालताना एक हात हलेनासा झाला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे आणि आपण कोणती औषधे किती वर्षे फवारली, तेही सांगावे. हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे, या खबरदारीला पर्याय नाही. काजूच्या वा सुपारीच्या बागायतीत तणनाशक मारणाऱ्या गोमंतकीयालाही ती तितकीच लागू आहे.

रोग जडल्यावरही पोटाचा प्रश्न सुटत नाही. लेव्होडोपा ही मुख्य गोळी लहान आतड्यातून शोषली जाते आणि प्रथिने तिच्या वाटेत येतात. तुरीच्या वरणासोबत घेतलेली गोळी अनेकदा उशिरा लागू पडते, म्हणून ती बहुधा जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेण्यास सांगतात. पोट साफ नसले तरीही तिचा परिणाम लांबतो. खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असते. पण तिचे प्रमाण बीगणिक बदलते, त्यामुळे चालू गोळ्यांवर ती आपल्या मनाने घेणे धोक्याचे ठरते.