तलफ आली की उठा, दहा मिनिटं चाला



गरोदर बाईच्या घरी लोहाच्या गोळ्यांची विचारपूस करायला गेलो, की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, "सकाळी दाताला काय लावता?" बहुतेक वेळा सासूबाईच उत्तर देतात, "काही नाही, थोडी मिश्री." सून मात्र मोरीकडे बघते. डबी तिथल्याच कोनाड्यात असते.

दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हा आम्ही अशा बाईला चारचौघांत रागवायचो. एकीनं सातव्या महिन्यात सांगितलं, "मिश्री सोडली." आम्ही कार्डावर तसं लिहून मोकळे झालो. बाळंतपणाला आली तेव्हा तिच्या पिशवीत डबी होती. बाळ पावणेदोन किलोचं झालं. कमी वजनाला कारणं अनेक असतात, पण त्यातल्या या एका कारणावर आम्ही तिला काहीच मदत केली नव्हती. ती खोटं बोलली, कारण खरं सांगायची सोय आम्हीच ठेवली नव्हती. तेव्हापासून आम्ही रागावणं सोडलं आणि 'सोडायची कशी' हे सांगायला लागलो.

मिश्री बाळापर्यंत कशी पोचते?

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. भाजली म्हणून तिच्यातलं निकोटीन नाहीसं होत नाही. हिरडीला घासली की ते तिथल्या नाजूक कातडीतून थेट रक्तात उतरतं. रक्तवाहिन्या आवळतात, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. शिवाय निकोटीन वार ओलांडून बाळाच्या अंगातही जातं.

मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. तीन किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम किरकोळ वाटतील. पण आपल्याकडे कित्येक बाळं अडीच किलोच्या काठावरच असतात. त्यांना ते शंभर ग्रॅम फार मोलाचे.

गांजाचंही तसंच. "झाडपाल्याचा आहे, मळमळ थांबते" असं सांगणारे भेटतात. पण गांजातलं नशेचं द्रव्य वार ओलांडतं, शरीरातल्या चरबीत साठून राहतं आणि पुढे अंगावरच्या दुधातही उतरतं. बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका त्यातही आहे. गांजात पुष्कळदा तंबाखू मिसळतात, म्हणजे दोन्ही एकदम. भांगही त्याच झाडाची, तीही नको.

चालण्यानं काय होतं?

तलफ लाटेसारखी येते. चढते, काही मिनिटं जीव खाते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत हात डबीकडे गेला नाही, की एक वेळ जिंकली. दहा-पंधरा मिनिटं भरभर चालल्यानं तंबाखूची तलफ तेवढ्यापुरती कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मन दुसरीकडे लागतं, चिडचिड उतरते आणि डबीची जागाही सुटते.

पण खोटी आशा आम्ही देणार नाही. इंग्लंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे आठशे गरोदर स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या समुपदेशनाच्या तुलनेत, जोडीला व्यायाम दिल्यानं सोडणाऱ्यांची संख्या काही विशेष वाढली नाही. म्हणजे चालणं हे औषध नव्हे, ती काठी आहे. तलफेच्या वेळी टेकायला उपयोगी, पण सोबत घरच्यांचा आधार आणि सल्ला हवाच.

"दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे. चार घरची धुणीभांडी करणारीला आम्ही घाम गाळायला सांगत नाही. आठवडाभरात दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम गरोदरपणात चांगला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण इथे मुद्दा तलफेच्या वेळेचा आहे. पाय दमले असतील तर बसल्या जागी हात वर ताणा, खांदे फिरवा, सावकाश खोल श्वास घ्या. जड हंडे उचलणं मात्र व्यायामात धरू नका.

असं करून बघा:

• पहिली मिश्री कधी लागते ते ओळखा. बहुतेकींना उठल्या उठल्या लागते. त्या वेळी चूळ भरा, पेलाभर पाणी प्या आणि शेजारणीला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या.

• चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकाच वेग ठेवा. भर दुपारच्या उन्हात नको.

• "मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही" अशी तक्रार असते. लोहाच्या गोळ्यांनीही पोट धरतं. पाणी, पालेभाजी आणि चालणं यांनी फरक पडतो. गोळ्या बंद करू नका.

• मळमळीसाठी लावत असाल, तर उठल्यावर कोरडी भाकरी किंवा भाजलेले चणे थोडे थोडे खा.

• डबी घराबाहेर काढा. मिश्रीऐवजी सुपारी किंवा तपकीर घेऊ नका. निकोटीनचं च्युइंगगम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, झोप मोडेल, राग येईल. दोन ते चार आठवड्यांत हे निवळतं. मध्येच एकदा लावली गेली तर सगळं वाया गेलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला लागा.

आधी डॉक्टरांना विचारा

अंगावर जात असेल, वार खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, रक्त फारच कमी असेल, हृदयाचा आजार असेल किंवा पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, तर विचारल्याशिवाय चालण्याचा व्यायाम नको. चालताना रक्त किंवा पाणी गेलं, चक्कर आली, छातीत किंवा पोटात दुखलं, धाप लागली, तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. बाळाची हालचाल कमी वाटली तरी वाट बघू नका.

घरच्यांसाठी

सासूबाई, सुनेच्या नऊ महिन्यांत तुमची डबी तिच्या नजरेआड ठेवा. जमलं तर तुम्हीही सोडा. दादा, घरात बिडी-गांजा ओढू नका. तो धूर बाळापर्यंत जातो. संध्याकाळी दहा मिनिटं बायकोबरोबर चाला. पाचवं शील आपण सगळे म्हणतो. ते एकट्या गरोदर बाईला ऐकवण्यासाठी नाही, ते सगळ्या घरानं पाळायचं आहे.

तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ आणि इतर नशेसाठी १४४४६ हे सरकारी मदतीचे क्रमांक आहेत. आशाताईंनाही सांगा, आणि खरं तेच सांगा. समोरचं कुणी रागावलं, तरी बाळासाठी खरंच सांगा.