डिस्को संगीताचे श्रवणमूल्य

डिस्को म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी दृश्य येते आणि संगीत मागाहून : आरशांच्या तुकड्यांचा फिरता गोळा, चमचमते कपडे, १९८२च्या ‘डिस्को डान्सर’मधील मिथुन चक्रवर्ती. या दृश्यांनी संगीत इतके झाकून टाकले आहे की, ते स्वतंत्रपणे ऐकण्याजोगे आहे का, हा प्रश्नच फारसा विचारला जात नाही. एक तर ते स्नेहसंमेलनात जुन्या दिवसांची गंमत म्हणून वाजते, नाही तर उथळ म्हणून बाजूला सारले जाते. हे दोन्ही निवाडे मुख्यतः काटछाट केलेल्या ध्वनिमुद्रणांवरून दिले गेले आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. रेडिओसाठी तीन-चार मिनिटांत बसवलेली गाणी म्हणजे डिस्को नव्हे. ज्या लांबीत हे संगीत वाजवले आणि अनुभवले गेले त्या लांबीत ऐकल्यास त्यातील निवडक भाग आजही गंभीर श्रवणास पात्र ठरतो.

या संगीताची जडणघडण न्यू यॉर्कमध्ये १९७०च्या सुमारास सुरू झाली. जून १९६९मध्ये ‘स्टोनवॉल’ या समलिंगी ग्राहकांच्या मद्यगृहावर पडलेल्या पोलीस छाप्याला तीव्र प्रतिकार झाला होता. पुरुषांनी पुरुषांबरोबर नाचणे हेच जेथे कारवाईचे निमित्त ठरू शकत असे, त्या शहरात कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी आणि समलिंगी तरुणांना निर्धास्तपणे एकत्र येण्याच्या जागा हव्या होत्या. डेव्हिड मॅनक्युसो यांनी फेब्रुवारी १९७०मध्ये ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या जागेत सुरू केलेली ‘द लॉफ्ट’ ही निमंत्रितांची नृत्यसभा त्यांपैकी फार महत्त्वाची होय. तेथे मद्य विकले जात नसे, आणि यजमानाचा सारा भर ध्वनियंत्रणेच्या निर्मळपणावर असे. पुढे तर मॅनक्युसो यांनी एका तबकडीत दुसरी मिसळण्याचे तंत्रही सोडून दिले, कारण कलावंताने ध्वनिमुद्रित केलेली रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत, न कापता वाजली पाहिजे, असे त्यांचे मत होते. डिस्को हे निव्वळ पायांसाठी घडवलेले संगीत आहे असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी, की त्याच्या उगमापाशीच एक अत्यंत चोखंदळ श्रोता उभा होता.

या सभांना लागणारे पुष्कळसे संगीत फिलाडेल्फियातून आले. केनी गँबल आणि लिऑन हफ यांनी १९७१मध्ये स्थापन केलेल्या ‘फिलाडेल्फिया इंटरनॅशनल रेकॉर्ड्स’ची ध्वनिमुद्रणे ‘सिग्मा साउंड’ या स्टुडिओत होत. तेथे गिटार, बेस आणि ड्रम यांच्या भोवती व्हायोलिनांचा ताफा, पितळी सुषिरवाद्ये आणि व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे स्वरवाद्य, असा मोठा वाद्यवृंद जमत असे. त्या वृंदातील ड्रमवादक अर्ल यंग यांनी ‘हॅरॉल्ड मेल्व्हिन अँड द ब्लू नोट्स’ यांच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ (१९७३) या गीतात जो ठेका धरला, तो डिस्कोचा पायाभूत ठेका मानला जातो. चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा आघात, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा कडक आवाज, आणि दोन मात्रांच्या नेमक्या मध्यावर हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडमीट करता येणारी झांजांची जोडी, क्षणभर उघडून लगेच मिटलेली, अशी त्याची बांधणी आहे. खालचा आघात लय जमिनीला खिळवून ठेवतो, तर मधली झांज तीच लय दर मात्रेला वर उचलते. डिस्को यांत्रिक आहे हा आक्षेप या ध्वनिमुद्रणांना लागूच पडत नाही. येथे लय माणसाच्या हातापायांनी धरलेली आहे, ती किंचित पुढेमागे होते, आणि गाणे रंगात आले की वादकही चढतो हे कान देऊन ऐकणाऱ्यास स्पष्ट जाणवते.

लांबीचा प्रश्न तबकडीच्या घडणीशी निगडित होता. त्या काळची एकेरी गाण्याची तबकडी सात इंचांची असे आणि तिच्यावर अधिक वेळ भरायचा तर खाचा दाटीवाटीने कोराव्या लागत. खर्जाच्या स्वरांना रुंद खाच लागते, त्यामुळे दाटी झाली की आवाज बारीक आणि खालचा सूर दुबळा होई. टॉम मोल्टन या मिश्रणकाराकडे एकदा सात इंचांची कोरी तबकडी उरली नव्हती म्हणून गाणे मोठ्या तबकडीवर, खाचा पसरून कोरले गेले, आणि त्याचा दणदणीत, भरदार आवाज ऐकून एका नव्या माध्यमाची वाट खुली झाली. १९७६मध्ये ‘डबल एक्स्पोजर’ या गायकवृंदाचे ‘टेन पर्सेंट’ हे गीत बारा इंची तबकडीवर सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आले. वॉल्टर गिबन्स यांनी लहानशा मूळ गीताची फेरमांडणी करून ते नऊ मिनिटांवर नेले होते. अशा मांडणीत गायन मध्येच थांबते, वाद्ये एकामागून एक गळतात, नुसता ताल उरतो आणि मग एकेक थर परत येतो. या उघड्या पडलेल्या तालाच्या भागास ‘ब्रेक’ म्हणतात. हा विस्तार म्हणजे पाणी घालून वाढवलेले गाणे, अशी टीका होत असे. परंतु तबल्याच्या एकलवादनात पेटीवर किंवा सारंगीवर एकच लेहरा अखंड फिरत राहतो, आणि तो तसा फिरतो म्हणूनच तबलियाची प्रत्येक हालचाल नेमकी कळते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या पुनरावृत्तीचे प्रयोजन समजावून सांगावे लागू नये.

म्यूनिकमध्ये जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी डॉना समर या अमेरिकी गायिकेसह वेगळी दिशा धरली. १९७७च्या ‘आय फील लव्ह’मध्ये पायाचा ड्रम आणि गळा सोडता जवळजवळ सारा ध्वनी मूग सिंथेसायझर या विद्युत-स्वरयंत्रातून काढलेला आहे. फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद येथे नाही, त्याची ऊबही नाही. तरीही यंत्राच्या अचल गतीवर तरंगणारा तो मानवी आवाज आजही नवा वाटतो.

१९७७च्या डिसेंबरात ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ प्रदर्शित झाला आणि हे संगीत घरोघर पोहोचले. त्यानंतर ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जे जे हाती लागेल त्यावर हाच ठेका चढवला. ब्रॉडवेवरील ज्येष्ठ गायिका एथेल मर्मन यांच्या जुन्या गाण्यांचाही १९७९मध्ये डिस्को संग्रह निघाला. या काळातील बराच माल निकृष्ट आहे, आणि डिस्कोच्या चाहत्याने हे मान्य करण्यात काही कमीपणा नाही. मात्र १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर जे घडले ते निकृष्टतेविरुद्धचे बंड नव्हते. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने दोन बेसबॉल सामन्यांच्या मध्यंतरात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला, हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि यजमान संघाला दुसरा सामना गमवावा लागला. त्या दिवशी मैदानावर काम करणारे कृष्णवर्णीय तरुण व्हिन्स लॉरेन्स यांनी पुढे नोंदवले, की आणलेल्या अनेक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, त्या केवळ कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या. हेच लॉरेन्स नंतर शिकागोतच ‘हाउस’ या नृत्यसंगीताच्या आरंभीच्या निर्मात्यांत गणले गेले. त्या संगीताचे नाव ‘वेअरहाउस’ या क्लबवरून आले, आणि तेथे तबकड्या वाजवणारे फ्रँकी नकल्स डिस्कोच्याच मुशीतून घडलेले होते.

१९७९च्याच उन्हाळ्यात निघालेले ‘शीक’ या समूहाचे ‘गुड टाइम्स’ हे डिस्कोच्या कारागिरीचे सर्वोत्तम उदाहरण ठरावे. बर्नार्ड एडवर्ड्स यांचा बेस त्यात साथ करीत नाही, तोच गाण्याचा नायक आहे : आरंभी तीन समान आघात, मग क्षणभर मोकळी जागा, आणि मग त्या जागेतून पायरीपायरीने चढत जाणारी स्वरावली. नाइल रॉजर्स यांची गिटार त्या मोकळ्या जागांत कातरल्यासारखे लहान झणत्कार टाकते आणि कोणीही दुसऱ्याची जागा अडवीत नाही. आठ मिनिटांच्या पूर्ण आवृत्तीत मध्यंतरी ही वीण उघडी करून दाखवली आहे, आणि कापलेल्या आवृत्तीत नेमका तोच भाग आखडला जातो. याच बेसच्या आधारावर ‘शुगरहिल गँग’ने त्याच वर्षी ‘रॅपर्स डिलाइट’ रचले, ज्यातून रॅप प्रथमच व्यापक श्रोतृवर्गापर्यंत गेला.

भारतात हा प्रवाह १९८०च्या ‘कुर्बानी’तील नाझिया हसन यांच्या गीताने रुजला, त्याचे संगीतकार बिड्डू मूळचे बंगळूरचे आणि लंडनमध्ये नाव कमावलेले. बप्पी लाहिरी यांची गाणी सोव्हिएत संघापर्यंत गाजली, तरी त्यांतील अनेक चाली पाश्चात्त्य गीतांवरून सरळ उचललेल्या असल्याने त्यांचे मूल्य ठेक्याच्या उत्साहापुरतेच मानावे लागते. खरे धाडस मुंबईतच, पण चित्रपटाबाहेर झाले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंह यांनी १९८२मध्ये भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांची ध्वनिमुद्रिका एचएमव्हीसाठी रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर सिद्ध केली. डिस्कोचा ठेका एका यंत्रावर, रागाच्या स्वरांतून फिरणारा खर्ज दुसऱ्यावर आणि मुख्य स्वरावली तिसऱ्यावर, अशी तिची रचना आहे. विलंबित विस्ताराला येथे वाव नाही, त्यामुळे ललतसारख्या रागाचे गांभीर्य हाती लागत नाही हे खरे. परंतु सुरावटींमागे पाश्चात्त्य स्वरसंघांची बदलती रचना न ठेवता एकाच षड्जाशी बांधून राहण्याचा निर्णय डिस्कोच्या अचल लयीशी विलक्षण जुळतो, आणि कलावतीसारख्या मोकळ्या रागात तो पुरता यशस्वी होतो. तेव्हा ही ध्वनिमुद्रिका फारशी कोणी विकत घेतली नाही. २०१०मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या जाणकारांनी तिच्यात पुढे आलेल्या यांत्रिक नृत्यसंगीताची पूर्वखूण पाहिली. चरणजित सिंह २०१५मध्ये निवर्तले.

ज्या वाचकांना या संगीताकडे नव्याने वळावयाचे आहे त्यांनी निवडक गाण्यांचे संग्रह तूर्त बाजूला ठेवावेत आणि ‘द लव्ह आय लॉस्ट’, ‘टेन पर्सेंट’ची बारा इंची आवृत्ती, ‘आय फील लव्ह’ आणि ‘गुड टाइम्स’ ही चार ध्वनिमुद्रणे पूर्ण लांबीची मिळवून, खालचे स्वर नीट ऐकू येतील अशा ध्वनिवर्धकावर, याच क्रमाने ऐकावीत. मोबाइलच्या इवल्याशा ध्वनिवर्धकावर बेस ऐकू येत नाही, आणि बेसवाचून डिस्को ऐकले असे म्हणता येत नाही.