फोर्कलिफ्ट-ट्रॉलीचे भंगार उक्ते विकू नका

मुंबई-नाशिक हायवेने शहापूरच्या पुढे आटगावकडे गेले की कारखाने आणि गोदामे लागतात. अशा आवारांत मागच्या भिंतीला बहुधा एक ढीग पडलेला असतो. बंद फोर्कलिफ्ट, चाके गेलेल्या हातट्रॉल्या, चेनपुली, वाकलेले रॅक. भंगारवाला येतो, ढिगाभोवती एक फेरी मारतो आणि उक्ती रक्कम सांगतो. मालकाला जागा मोकळी हवी असते, तो हो म्हणतो. आमचा धंदा कापडाचा, पण भिवंडीत जुने साधे माग वजनावर जाताना आम्ही पाहिले आहेत. मोटर वेगळी आणि बीड वेगळे तोलणाऱ्याच्या हाती चार पैसे जास्त पडले.

व्यापारी बांधवांनी आधी चालणारा माल बाजूला काढावा. अडीच टन उचलणाऱ्या हातट्रॉलीचे स्वतःचे वजन पाऊणशे किलोच्या आसपास असते. भंगाराचा भाव किलोला 30 रुपये धरला तर तिचे सव्वादोन हजार येतील. बहुतेक वेळा तिची फक्त चाके झिजलेली असतात किंवा पंपाचे सील गेलेले असते. तेवढे बदलले तर तीच ट्रॉली एखाद्या लहान कारखानदाराला उपयोगी पडते आणि भावही बरा देते. सरळ राहिलेल्या रॅकचेही तसेच.

उरलेल्या मालात धातू ओळखणे हीच खरी कमाई आहे. फोर्कलिफ्टच्या मागचे जड वजन बहुधा बिडाचे असते, मास्ट आणि फाटे पोलादाचे. कानशीने घासून पाहावे. बिडाचा भुगा पडतो, पोलादाची कीस वळते. मोटरीत तांबे असते, काहींत ॲल्युमिनियम निघते, म्हणून उघडून पाहिल्याशिवाय भाव ठरवू नये. लोहचुंबक जवळ असावे, पण स्टेनलेसचे कित्येक प्रकार त्याला चिकटत नाहीत हे ध्यानात ठेवावे. केबल जाळून तांबे काढणारे आहेत. त्या धुराने माणूस आजारी पडतो आणि जळके तांबे कमी भावाने जाते. ती सोलावी.

बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टची बॅटरी कित्येकदा टनभर भरते आणि त्यात निम्म्याहून जास्त शिसे. ती गल्लीत फोडायला देऊ नये. 2022 च्या नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत कारखान्याकडेच गेली पाहिजे. हायड्रॉलिक सिलिंडर खोलण्याआधी फाटे जमिनीवर टेकवून दाब सोडावा. तेलाच्या टाकीजवळ गॅस कटर तर मुळीच नको.

चेनपुलीबाबत आमचे मत ठाम आहे. हुकाचे तोंड पसरले असेल, साखळीच्या कड्या झिजल्या असतील, तर हुक आणि साखळी आपल्या डोळ्यांसमोर कापून मगच वजनाला द्यावी. नाहीतर रंग मारून ती पुन्हा बाजारात येते आणि तिच्याखाली कुणा गरिबाचा मुलगा उभा असतो.

वजन आपल्या पसंतीच्या काट्यावर करावे, रिकामी गाडी आधी, भरलेली नंतर, दोन्ही पावत्या आपल्याकडे ठेवाव्यात. बिलाची टाळाटाळ करू नये. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यालाच त्यावरचा जीएसटी भरावा लागतो, आणि तो ही रक्कम भावातून वळती करतो. म्हणून आकडा करासह की कराशिवाय, हे गाडी भरण्याआधीच विचारून घ्यावे.