विश्लेषण : धाम नदीत पाणी आहे की जलपर्णी, हे उपग्रहाला कसे कळते?

पवनारच्या पुलावर उभे राहिले की धाम नदीचे पात्र मोकळे आहे की जलपर्णीने भरले आहे, हे कुणालाही दिसते. प्रश्न पुलावरून न दिसणाऱ्या नदीचा आहे. महाकाळीच्या धरणातून खाली येणाऱ्या या नदीवर येळाकेळी आणि पवनार येथून वर्धा शहराला पाणी जाते. १९४८मध्ये गांधीजींच्या अस्थी पवनारला याच पात्रात विसर्जित झाल्या. विनोबांचा आश्रमही याच काठावर आहे. पण सगळा काठ दर आठवड्याला पायी तपासणे कुणाला शक्य आहे? उपग्रह ते काम करतो. त्याची चित्रे मोफतही मिळतात.

कोणता उपग्रह?

युरोपीय अवकाश संस्थेचे ‘सेंटिनेल-२’ मालिकेतील उपग्रह. पहिला २०१५मध्ये, दुसरा २०१७मध्ये गेला. सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून या मालिकेतील उपग्रहांची जोडी साधारण दर ५ दिवसांनी त्याच जागेचे चित्र घेते. आपल्या ‘इस्रो’चा ‘रिसोर्ससॅट-२ए’ हा उपग्रहही जमीन, पिके आणि पाणी यांसाठीच आहे. नागपुरातील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र अशाच चित्रांवर काम करते, म्हणजे हे तंत्र वर्ध्यापासून फार लांब नाही.

पान आणि पाणी वेगळे कसे ओळखतात?

नुसत्या हिरव्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही; शेवाळलेले पाणीही हिरवेच दिसते. खरी खूण डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात, म्हणजे निकट अवरक्त किरणांत असते. ताजे पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. पाणी अवरक्त किरण जवळजवळ गिळून टाकते.

समजा, एका ठिपक्यातून १०० पैकी ४५ भाग अवरक्त आणि ५ भाग लाल प्रकाश परत आला. दोन्हींच्या फरकाला बेरजेने भागायचे : ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. तिथे दाट पाने आहेत. अवरक्त २ आणि लाल ४ आला, तर उत्तर शून्याखाली जाते. तिथे पाणी आहे. या आकड्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. डिसेंबरमध्ये शून्याखाली असलेला पात्रातला ठिपका मार्चमध्ये ०.६वर गेला, तर तिथे काहीतरी उगवले आहे.

‘काहीतरी’ हा शब्द मुद्दाम वापरला. उन्हाळ्यात पात्र आटले की उघड्या गाळात गवतही उगवते आणि त्याचा आकडा जलपर्णीसारखाच येऊ शकतो. त्यामुळे शेवटी कुणीतरी काठावर जाऊन पाहावेच लागते. फायदा एवढाच की नेमके कुठे जायचे, हे आधी कळते.

घाई कशासाठी?

अनुकूल हवामानात जलपर्णी दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. सांडपाणी आणि खतांतून वाहून आलेले नत्र-स्फुरद हे तिचे खाद्य. ती पृष्ठभाग झाकते, खालच्या पाण्यातला प्राणवायू घटतो आणि ती कुजली की आणखी घटतो. पट्टा लहान असतानाच काढणे स्वस्त पडते. पात्र भरल्यावर यंत्रे आणण्यापेक्षा पाचव्या दिवशीचे चित्र पाहणे केव्हाही सोपे.

मर्यादा कोणत्या?

एक ठिपका १० मीटरचा. पात्र ५० मीटर रुंद धरले, तर आडवे जेमतेम ५ ठिपके, त्यातही कडेचे दोन झाडांमुळे निकामी. दोन-तीन मीटरचा पुंजका निसटणारच. पाणी पिण्याजोगे आहे का, हे उपग्रह सांगत नाही. त्याला प्रयोगशाळेतील नमुनाच लागतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात. मात्र पूर आला की जलपर्णी बरीचशी वाहून जाते. तिच्या वाढीचे खरे महिने नोव्हेंबर ते मे आणि त्या काळात विदर्भाचे आकाश बहुतेक स्वच्छ असते.

स्वतः पाहता येईल?

येईल. मोबाइलवर ‘कोपर्निकस ब्राउझर’ उघडा, पवनार शोधा, ढग नसलेली तारीख निवडा आणि रंगांचा पर्याय अवरक्तचा ठेवा. पाने लाल दिसतील, पाणी काळे. आता एकच जागा डिसेंबर आणि एप्रिलमध्ये पाहा. काळ्या रेघेत लाल तुकडा दिसला, तर स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत तक्रार देताना तो जोडता येतो.