हायड्रोजनचा साठा आणि संगणकाचा नकार

हायड्रोजनवर गाडी चालवायची तर आज टाकीत हा वायू ७०० बार दाबाने कोंबावा लागतो. त्यामुळे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी ग्रॅफाइटच्या सूक्ष्म तंतूंत, तेही खोलीच्या तापमानाला, वजनाच्या ६७ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मावल्याचा दावा केला, तेव्हा खळबळ उडाली. हिशेब मांडला तर कार्बनच्या दर अणूमागे हायड्रोजनचे बारा रेणू होतात. पुढे इतर प्रयोगशाळांच्या हाती हा आकडा लागला नाही. मात्र नुसत्या अधिशोषणाने, म्हणजे पृष्ठभागाला रेणू चिकटून, एवढा साठा होत नाही हे वांग आणि जॉन्सन या संशोधकांनी १९९९ मध्येच संगणकावर दाखवले होते. सिम्युलेशनची खरी किंमत अशा नकारात आहे.

संगणकात ग्रॅफाइटच्या दोन भिंती ठरावीक अंतरावर मांडतात. मधल्या फटीत एक रेणू कुठेही टाकायचा, भिंती आणि शेजारचे रेणू त्याला किती ओढतात वा ढकलतात ते मोजायचे आणि तो ठेवायचा की काढायचा हे संभाव्यतेच्या नियमाने ठरवायचे. असे लाखो वेळा केले की फटीत सरासरी किती रेणू टिकतात ते कळते. ही माँटे कार्लो पद्धत. ग्रॅफाइटच्या थरांत मुळात ०.३४ नॅनोमीटर अंतर असते. तिथे रेणूला शिरायला जागाच नसते. फट ०.७ नॅनोमीटरच्या आसपास असली की दोन्ही भिंतींची ओढ एकत्र लागू होते. तरीही कार्बनची पकड मोलमागे काही किलोज्यूलच भरते. उणे १९६ अंशांवर ती बऱ्यापैकी पुरते. खोलीच्या तापमानाला रेणू निसटतात.

यावर आक्षेप असा की खऱ्या कार्बनची छिद्रे वेडीवाकडी असतात आणि संगणकातल्या भिंती गुळगुळीत. आक्षेप रास्त आहे, पण सगळ्या फटी हव्या तेवढ्याच रुंद धरणे ही साठ्याला दिलेली सवलतच आहे. सवलत देऊनही आकडा जुळत नसेल तर नकार अधिक पक्का होतो. हायड्रोजन कार्बनशी रासायनिक बंधाने जोडला जात असेल, असेही म्हणता येईल. पण एक कार्बन जास्तीत जास्त चार हायड्रोजन धरतो. तो मिथेन, आणि त्यातही हायड्रोजन वजनाने २५ टक्केच.

संगणकाच्या होकारावर मात्र इतका भरवसा ठेवता येत नाही, कारण कागदावरची आदर्श फट भट्टीत तयार होईलच असे नाही. नकाराने प्रयोगाचा खर्च वाचतो. होकाराने तो फक्त सुरू होतो.